टेबलावरची शेगडी

इतिहासाच्या गप्पांमध्ये आज आपण कोरियन हॉटेलात जाऊ या. टेबलाच्या मधोमध शेगडी, भोवती किमची आणि भाज्यांच्या छोट्या वाट्या, आणि कात्रीने मांस कापून तव्यावर टाकणारी वेट्रेस. मुलं तर खूश असतात. पण ही शेगडी टेबलावर आली कुठून?

कोरियात 1392 ते 1910 जोसन घराण्याचं राज्य होतं. शेती बैलांवर अवलंबून, म्हणून गुरं मारायला सरकारने बंदी घातली. ती पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरूनच ती किती पाळली जात होती ते कळतं! 1849 मध्ये होंग सोक-मो यांनी वर्षभराच्या चालीरीतींची नोंद केली. त्यात ते लिहितात, की दहाव्या चांद्रमासात, थंडी पडू लागली की सोलमधले लोक शेगडीत कोळसे पेटवून भोवती बसतात आणि सोया सॉस, लसूण लावलेलं गोमांस भाजून खातात. म्हणजे मांसाइतकीच भोवती बसण्याची मजा जुनी आहे. आजच्या बुलगोगी या नावातही विस्तव आहे: बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस.

आता अमेरिकेत येऊ. इथे त्यांची गोष्ट आपल्या गोष्टीला मिळते. 1965 पूर्वी भारत आणि कोरिया, दोघांचाही कोटा वर्षाला जेमतेम 100 माणसांचा होता. 3 ऑक्टोबर 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ही पद्धत मोडीत निघाली. आपले डॉक्टर, इंजिनियर ज्या दारातून आले, त्याच दारातून कोरियन कुटुंबंही आली.

त्यांपैकी ही-दुक ली यांनी 1971 मध्ये लॉस एंजलिसच्या ऑलिंपिक बुलेव्हार्डवर किराणा दुकान काढलं, आणि 1975 मध्ये 'व्हीआयपी पॅलेस' हे रेस्टॉरंट. छपराची निळी कौलं थेट कोरियातून मागवली. माझ्यातल्या एमबीएला हा क्रम आवडतो: आधी आपल्या माणसांची गरज भागवली, मग सगळ्या गावाला जेवायला बोलावलं.

वाट सोपी नव्हती. 29 एप्रिल 1992 रोजी शहरात दंगल उसळली. कोरियन लोकांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांचं नुकसान झालं. ते आजही त्या तारखेला 'सा-इ-गू' म्हणतात, म्हणजे चार-दोन-नऊ. तरीही कोरियाटाउन पुन्हा उभं राहिलं. 'व्हीआयपी पॅलेस' मात्र राहिलं नाही. त्या इमारतीत आता मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांताचं जेवण मिळतं.

जाणार असाल तर एक सांगतो. तिथे मुख्यतः गोमांस आणि डुकराचं मांस असतं. चिकन, मश्रूम, टोफू बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण तवा एकच असू शकतो. बसण्याआधी विचारा.

आणि जेवताना आणखी एक बघा. लसणाचा, आंबलेल्या कोबीचा वास त्यांनी पाहुण्यांसाठी कमी केला नाही. पाहुणेच सॅलडच्या पानात मांस गुंडाळून खायला शिकले. आपलं पिठलं-भाकरी, थालीपीठ अजून बहुतेक घरात नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमातच असतं. ते परक्या माणसासमोर ठेवायला आपण का बिचकतो? मांस भाजलं जाईपर्यंत मुलांशी एवढं नक्की बोला.