मुद्दल किती, व्याज किती

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत सहा मोडी कागद आहेत. त्यांतला शेवटचा खरेदीखताचा, शके १७९६ च्या वैशाखातला, म्हणजे इ. स. १८७४ चा. श्रीगोंदे तालुक्यातली विहिरीलगतची जमीन माझ्या खापरपणजोबांनी सावकाराला विकली. किंमत रुपये दोनशे त्र्याण्णव, एक आणा. उरलेले पाच कागद म्हणजे कर्जरोखे. शके १७९१ पासून १७९५ पर्यंत दर वैशाखात एक. रकमा क्रमाने अशा : १०० रुपये, १२४ रुपये, १५३ रुपये १२ आणे, १९० रुपये १० आणे, २३६ रुपये ६ आणे. मजकूर पाचांतही एकच. रक्कम रोख भरून पावली, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, वर्षाच्या मुदतीने फेड.

या पाच आकड्यांची बेरीज ८०४ रुपये १२ आणे होते. ती घरात कोणीतरी फार पूर्वी केली असावी, कारण खापरपणजोबांनी 'आठशे रुपये उडवले' ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. कोणी तमाशाचे नाव घेई, कोणी शर्यतीचे. आमच्या घरातल्या कोणत्याही मुलाने जास्त खर्च केला की त्याला त्यांच्याच नावाने हाक मारली जाई. मलाही मारली आहे.

शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो आणि कागद स्वतः वाचले. खटकला तो एक आणा. जमिनीचा सौदा कोणी आण्यावर नेऊन तोडत नाही. तीनशे म्हणतील, पावणेतीनशे म्हणतील. २९३ रुपये १ आणा ही कोणी ठरवलेली किंमत नव्हे. ही कुठल्यातरी हिशेबाची बाकी आहे.

दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस. शंभराचे वर्षाने १२४. दुसरा रोखा १२४ चाच आहे. १२४ वर चोवीस टक्क्यांनी २९ रुपये १२ आणे २ पै. बेरीज १५३ रुपये १२ आणे, वरच्या दोन पै सोडलेल्या. तिसरा रोखा जुळला. त्यावरून चौथा काढला : १९० रुपये १० आणे आणि चारपाच पै, पै पुन्हा सोडलेल्या. पाचवा पै न सोडता नेमका २३६ रुपये ६ आणे येतो. आणि त्या पाचव्याचे एक वर्षाने काय होते? २९३ रुपये १ आणा, वर आठ पै.

म्हणजे खापरपणजोबांनी पाच वेळा कर्ज काढलेच नव्हते. एकदाच काढले, शंभर रुपये. दर वैशाखात व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहिला गेला आणि 'रोख भरून पावलो' याखाली त्यांचा अंगठा उठत गेला. घरातल्या बेरजेने तोच एक पैसा पाच वेळा मोजला होता.

एका रकमेत मिसळून गेलेले मुद्दल आणि व्याज वेगळे काढणे हा आपल्याकडे फार जुना प्रश्न आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' म्हटले की आपल्याला त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात पडलेला मोती आठवतो. ती कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून आली. पुस्तकातली उदाहरणे मात्र फार थोड्यांना आठवतात. शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमाराच्या या ग्रंथाच्या आरंभीच नाणी येतात : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. मग अपूर्णांकांत एका कंजूष दात्याचे उदाहरण आहे. एका याचकाला त्याने अर्ध्या द्रम्माच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला. गुणाकार केला की उत्तर द्रम्माचा १२८० वा भाग. एका द्रम्माच्या कवड्या १२८०. म्हणजे एवढ्या थाटाने दिली ती एक कवडी! वर्गात हे उदाहरण घातले की शेवटच्या बाकावरची मुलेही हसत.

व्याजाला तिथे 'कलांतर' म्हटले आहे. पंचराशिकातले एक उदाहरण असे : शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळा द्रम्मांना वर्षाचे किती? उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. पुढे मिश्रव्यवहारात हाच दर आहे, पण प्रश्न उलटा : वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती, व्याज किती? इष्टकर्माच्या रीतीने मुद्दल शंभर धरा. वर्षाचे व्याज साठ, एकूण एकशे साठ. एकशे साठात शंभर मुद्दल, तर हजारात किती? ६२५. व्याज ३७५. आज आम्ही शंभराच्या जागी क्ष लिहितो, एवढाच फरक. माझ्या हातातल्या पाच रोख्यांना मी विचारला तो प्रश्न याच घराण्यातला होता.

महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. तो खरोखरीचा बाजारभाव होता की उदाहरणापुरता, यात मी शिरत नाही. पण ही उदाहरणे केवळ बुद्धीची करमणूक नव्हती एवढे दिसते. व्यस्त त्रैराशिकाची उदाहरणे वाचली तर हसू मावळते : सोळा वर्षांच्या स्त्रीला बत्तीस मिळतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती, दुसऱ्या जुवाचा बैल चार निष्कांना, तर सहाव्या जुवाचा किती. उत्तरे अचूक आहेत. एकाच नियमात बाई आणि बैल बसवताना कोणाला काही वाटले नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण पेठेतल्या विक्रीवरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा हे सांगताना लेख मराठीत उतरतो. हिश्शाचा मामला ज्यांच्याशी आहे त्यांना तो कळला पाहिजे, ही समज त्यात दिसते. माझ्या कागदांवर ती दिसत नाही.

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. सोळा आण्यांच्या रुपयात या पाढ्यांवाचून पान हलत नसे, आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर ते गेले याची हळहळ मी वडीलधाऱ्यांकडून पुष्कळ ऐकली. पण घोकणारी मुले बहुधा ब्राह्मण-वाण्यांची; कुणब्याचे पोर त्या वेळी गुरांमागे. शिवाय दर कसा बोलायचा यातही गोम होती. 'रुपयाला महिना अर्धा आणा' हे ऐकायला किती हलके! वर्षाला सहा आणे, म्हणजे शेकडा साडेसदतीस. त्यापेक्षा 'शेकडा दोन' कितीतरी कमी, पण कानाला मोठे लागते. आमच्या सावकाराचा दर त्या काळाच्या मानाने जबर नव्हता, हे सांगणे भाग आहे. पिळवणूक दरात नव्हती, रोखा फिरवण्यात होती.

कारण दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येत नाही. पाच वर्षांत शंभराचे सरळ व्याज एकशे वीस होते. दामदुपटीने ते शंभरावर थांबते आणि एकूण देणे दोनशे. पण दर वर्षी नवा रोखा झाला की नवे मुद्दल, आणि दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोनशे आणि दोनशे त्र्याण्णव-एक आणा यांतले अंतर त्र्याण्णव रुपये एक आणा. एवढ्या फरकाने आमची विहीर गेली.

खरेदीखतानंतर जेमतेम वर्षाने, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले आणि दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. जमावाला हवे होते ते रोखे आणि दस्त. ते मिळवून जाळले. माणसे मारण्याकडे कल फारसा नव्हता. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला. त्याने कोर्टाला सांगितले की शेवटच्या रोख्यावर थांबू नका. व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जा, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडा, व्याजाचे मुद्दल झाले असेल तर ते धरू नका. मिश्रव्यवहाराचे उदाहरण न्यायाधीशाला सोडवायला दिले, असेच म्हणायचे.

कायदा आला तेव्हा आमचे खरेदीखत पाच वर्षांचे जुने झाले होते.

हा हिशेब मी मागच्या दिवाळीत आत्याला वाचून दाखवला. तिचे वय ऐंशीच्या पुढे. माहेरच्या माणसांत 'आठशे रुपये' सगळ्यात जास्त वेळा तिनेच सांगितले असतील. तिने तीन वेळा आकडे परत सांगायला लावले, बोटांवर काहीतरी मोजले, मग विचारले, "मग ते शंभर तरी कशाला घेतले होते रे?"

पहिल्या रोख्यात कारण लिहिलेले आहे. बैल घेण्यास.