पाटा तुटण्याआधी

मालट्रकच्या मागच्या चाकापाशी वाकून बघितलंत तर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत दिसते. पुस्तकात तिला लीफ स्प्रिंग म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं 'पाटे'. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची टोकं वळवून त्यात बुश आणि पिन बसवतात. घोडागाड्यांच्या काळापासून हा प्रकार फारसा बदललेला नाही. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे होते.

आता प्रश्न असा, की कालपर्यंत धडधाकट असलेला पाटा आज अचानक तुटतो कसा? याचं उत्तर रेल्वेने शोधलं, आणि त्याची किंमत भयंकर होती. ८ मे १८४२ ला व्हर्सायचा सोहळा बघून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पहिल्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे आदळले, आग लागली. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यात अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिलही होता! तेव्हा अनेकांना वाटायचं की हादऱ्यांनी लोखंडाची आतली घडणच बदलते आणि ते ठिसूळ होतं. १८४३ मध्ये रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले आस तपासून सांगितलं, की तसं नाही. जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यावर बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकते. पुढे जर्मनीत व्योलरने आस वर्षानुवर्षं फिरवून-वाकवून दाखवलं, की एका झटक्यात ज्या भाराने काहीच होत नाही, तोच भार लाखो वेळा दिला तर पोलाद तुटतं. (आमच्या लोड टेस्टिंगवाल्यांनी याचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.)

म्हणून ट्रकवाला मिस्त्री चीर शोधतो. पाटे आधी पुसून घ्यायचे, कारण चिखलाखाली काही दिसत नाही. चिरेतून पाणी आत जातं, म्हणून गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली की संशय घ्यायचा. पाटा बाजूला सरकला असेल तर घासून चकचकीत झालेला पट्टा दिसतो. दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे ना, कमान सपाट झालीय का, बुश खाल्लाय का, हेही बघायचं.

पण माझ्या मते खरा व्हिलन यू-बोल्ट. तो ढिला झाला की पाटे मधोमध वाकायला लागतात, नेमके जिथे सेंटर बोल्टचं भोक आहे तिथेच, आणि चीर तिथूनच सुरू होते. सेंटर बोल्टच तुटला तर ॲक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो आणि ट्रक चक्क तिरका चालतो. हायवेवर असा खेकडा पुढे दिसला तर लांब राहा!

१९८८च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे आपलं 'पासिंग', लागतं. पण दोन पासिंगच्या मध्ये पाटा लाखो वेळा वाकतो, तेव्हा बघायचं मालकाने आणि ड्रायव्हरनेच.

हल्ली बऱ्याच गाड्यांना पॅराबोलिक पाटे येतात: संख्येने कमी, मध्ये जाड, टोकाला पातळ. वजन कमी, आपसातलं घासणंही कमी. फक्त, दहातला एक गेला तर नऊ उरतात. इथे दोनातला एक गेला की उरला एकच.