सुई, टोपण आणि चूक कोणाची?

लोधिवली म्हटलं की मुंबई-पुणे रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांना धीरुभाई अंबानी हॉस्पिटल आठवतं. हायवेवरचे अपघातग्रस्त तिथे आणले जायचे. अशा कॅज्युअल्टीतली रात्र डोळ्यांसमोर आणा. रक्त, नातेवाईकांचा गोंधळ, सलाईनची घाई, त्यात पेशंट हात झटकतोय... वापरलेली सुई सिस्टरच्या बोटात जायला कितीसा वेळ लागणार?

आणि मग ऐकावं काय लागतं? "लक्ष कुठे होतं?"

हे तसं जुनंच दुखणं. १८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी कोलेचका नावाच्या प्राध्यापकाला लागली आणि तो त्यात गेला. त्यावरून त्याचा मित्र सेमेलवाइस याला बाळंतिणींच्या तापाचं कोडं उलगडलं. जगाने हात धुणं लक्षात ठेवलं, सुरी विसरली.

जाग आली ती एड्समुळे. सुई टोचून नर्सला लागण झाल्याची पहिली नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९८४ साली आली. मग फतवा निघाला, वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. तरी लोक लावतच राहिले!

का? हे नीट तपासलं अमेरिकेतल्या जनीन जॅगर या बाईंनी. १९८८ मध्ये त्यांनी एका हॉस्पिटलातल्या ३२६ इजा अभ्यासल्या. तोपर्यंत सगळे विचारायचे, कोणाला टोचलं. बाईंनी विचारलं, कशाने टोचलं? साध्या सिरिंजने लाख वापरांमागे सुमारे ७ इजा, तर सलाईनच्या नळीला जोडलेल्या सुईने जवळपास ३७. माणसं तीच, वस्तू वेगळी. सुमारे एक तृतीयांश इजा टोपण लावताना झालेल्या, पण टोपण लावण्यामागे कारण होतं. चार उघड्या सुया हातात घेऊन डब्यापर्यंत जाणं त्याहून भीतीचं वाटायचं. (आमच्या धंद्यात असले बग 'युजर एरर' म्हणून बंद करतात. असो.) २००० साली अमेरिकेत कायदाच झाला, आपोआप झाकल्या जाणाऱ्या सुयांसारखी सुरक्षित साधनं द्या, आणि ती निवडताना ती वापरणाऱ्यांनाही विचारा.

आपल्याकडे १९९८ चे आणि नंतर २०१६ चे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. न टोचणारा पांढरा डबा आला, कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस बंधनकारक झाली. चांगलंच आहे. पण नियमाच्या नावातच 'कचरा' आहे. म्हणजे सुई डब्यात पडते तिथून पुढची काळजी. लसीकरणात पुन्हा न वापरता येणारी सिरिंज आली, तिने बाळ वाचतं, पण तिची उघडी सुई सिस्टरला टोचायची ती टोचतेच.

एचआयव्हीची शक्यता टोचण्यामागे साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के. टोचल्यावर साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, मग २८ दिवस. बोलणी बसतील या भीतीने सिस्टर गप्प राहिली, तर हे तास तिथेच संपतात.