केरामाचं निळं पाणी

जपान म्हटलं की आपल्याकडे बर्फ, बुलेट ट्रेन आणि भूकंप हेच डोळ्यांसमोर येतं. मीही इथे नोकरीला आलो तेव्हा वेगळं काही डोक्यात नव्हतं. जानेवारीत समुद्रात उडी मारता येईल असाही एक जपान आहे हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. ओकिनावा! तोक्योहून विमानाने जवळपास तीन तास. नकाशावर अक्षांश पाहिला तर नाहा शहर आपल्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या रेषेत येतं.

तर शुक्रवारी रात्री नाहाला पोचलो आणि शनिवारी सकाळी तोमारी बंदरातून झामामी बेटाची बोट पकडली. केरामा हा लहानमोठ्या बेटांचा पुंजका नाहाच्या पश्चिमेला चाळीसएक किलोमीटरवर आहे. २०१४ साली या बेटांना आणि भोवतालच्या समुद्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जानेवारीत पाणी २१-२२ अंश असतं. ऐकायला ठीक वाटतं, पण अर्धा तास त्यात काढला की दात वाजायला लागतात. अंगात पाच मिलीमीटर जाडीचा सूट, पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजनं, आणि वरून उत्तरेचा बोचरा वारा. लहान बोटीने बेटांच्या बाहेरच्या खडकांपर्यंत जाईस्तोवर आमच्यातल्या दोघांचा नाश्ता समुद्रार्पण झाला होता. (त्यातला एक मी.)

पाण्याखाली गेल्यावर मात्र सगळं विसरायला झालं. इथल्या निळ्या रंगाला जपानी लोकांनी 'केरामा ब्ल्यू' असं नावच दिलंय. प्रवाळ, मासे हे सगळं होतंच, पण खरी गंमत कानांची. दूरवरून कुणीतरी जुनं दार हळूहळू उघडावं तसा आवाज यायला लागला. गाईडने पाटीवर एक शब्द लिहून दाखवला - देवमासा. कुबड असलेले हे देवमासे उत्तरेच्या थंड समुद्रातून दर हिवाळ्यात इथे पिलं घालायला येतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ओकिनावाभोवती त्यांची एवढी शिकार झाली की ते दिसेनासेच झाले. १९६६ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात त्यांच्या शिकारीवर बंदी आली आणि ऐंशीच्या दशकात ते पुन्हा केरामाला दिसू लागले.

रविवारी वारा वाढला. डायव्हिंग रद्द, परतीची जलद बोटही रद्द. सोमवारी ऑफिसात काय सांगायचं या विचाराने आधी वैतागलो, मग छत्री घेऊन गाव बघायला निघालो. हा लेख खरं तर त्या रविवारचा.

ही बेटं जपानची झाली ती बऱ्याच उशिरा. इथे रियुक्यूचं वेगळं राज्य होतं आणि त्याची जहाजं नजराणा घेऊन चीनच्या फूचौ बंदराला जात. त्या जहाजांवर केरामाचे खलाशी असत. कोकणात गलबतांवरच्या तांडेलांची घराणी होती तसंच काहीसं. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी राज्य मांडलिक केलं, १८७९ मध्ये जपानने ते सरळ खालसा केलं. जहाजं थांबली, मग १९०१ पासून झामामीच्या लोकांनी बोनिटो माशाची मासेमारी सुरू केली आणि तो वाळवून विकून बेट सावरलं.

गावामागच्या टेकडीवर एक शांतिस्तंभ आहे. तिथे उभं राहिलं की कालचा निळा समुद्र बेटांच्या मधोमध तळ्यासारखा दिसतो. नेमकं हेच त्या बेटांच्या मुळावर आलं. चारी बाजूंनी आडोसा असलेलं असं खोल पाणी अमेरिकन आरमाराला जहाजांच्या दुरुस्तीसाठी हवं होतं. ओकिनावाच्या मुख्य बेटावरचा हल्ला १ एप्रिल १९४५ ला झाला, पण त्याच्या आधीच, २६ मार्चला, अमेरिकन सैन्य केरामात उतरलं.

जपानी लष्कराने इथे आत्मघाती बोटी लपवून ठेवल्या होत्या. इंजिनिअर म्हणून मला त्यांची रचना वाचताना शहारा आला. प्लायवुडचा सांगाडा, मोटारीचं इंजिन, मागे १२० किलोचे दोन स्फोटक डबे. चालवणारी मुलं विशीच्या आतबाहेरची. बोटी ठेवायला डोंगरात भुयारं खोदली, त्या कामाला कोरियातून जबरदस्तीने आणलेले मजूरही होते. काही भुयारं शेजारच्या गेरुमा आणि तोकाशिकी बेटांवर अजून आहेत. केरामात अशा साडेतीनशेच्या आसपास बोटी होत्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्या न वापरताच नष्ट झाल्या किंवा अमेरिकनांच्या हाती लागल्या.

मेले ते गावकरी. शत्रूच्या हाती लागलात तर हालहाल करून मारतील, कैद होणं ही नामुष्की, असं त्यांच्या मनावर ठसवलेलं होतं. काही ठिकाणी लष्कराकडून हातबॉम्ब दिले गेले होते. २५ मार्चच्या रात्री झामामीचे लोक स्मारकाजवळ जमायला निघाले, तोफांच्या माऱ्याने पांगले, आणि मग खंदकांमध्ये बापाने मुलांना, मुलाने आईला मारलं. वस्तरे, दोऱ्या, उंदराचं विष. झामामीवर दीडशेहून अधिक, तर दोन दिवसांनी तोकाशिकीवर तीनशेहून अधिक माणसं अशी गेली. मेलेल्यांत बायका आणि मुलं फार.

जपानीत याला 'शूदान जिकेत्सु' म्हणतात, म्हणजे सामूहिक आत्महत्या. दोन वर्षांच्या पोराची कसली आत्महत्या? ओकिनावात बरेच जण हा शब्द मान्य करत नाहीत. २००७ मध्ये शिक्षण खात्याने शाळेच्या पुस्तकांतून लष्कराच्या सक्तीचा उल्लेख काढायला लावला, तेव्हा २९ सप्टेंबरला गिनोवानमध्ये प्रचंड निषेध सभा झाली. आयोजकांनी आकडा १,१०,००० सांगितला. नोबेल मिळालेले लेखक ओए केन्झाबुरो यांच्यावर तर १९७० च्या पुस्तकातल्या मजकुरावरून २००५ मध्ये बदनामीचा खटला भरला गेला होता. फिर्यादींमध्ये झामामीचा माजी लष्करी अधिकारी होता. २००८ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने लष्कराचा खोलवर संबंध होता असं म्हणत तो फेटाळला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण कायमचं मिटलं.

संध्याकाळी गाईड भेटला. तो या बेटावरचाच. काल बोटीवर यातलं काहीच कसं सांगितलं नाहीस, असं मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं. तो म्हणाला, "पाहुणे मासे बघायला येतात." थोडं थांबून म्हणाला, "आजी खंदकात होती. ती वाचली म्हणून मी आहे. पण घरात तिने हे कधी काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही."

सोमवारी दुपारी वारा उतरला आणि मोठी फेरी सुटली. ऑफिसला फोन करून खरं काय ते सांगितलं, तर साहेबांनी आधी विचारलं, देवमासे दिसले का? दिसले नव्हते, फक्त ऐकले होते.