शिरगणतीपासून जीवनपटापर्यंत

वय किती, हा प्रश्न शहरातील सुशिक्षित घरास क्षुल्लक वाटतो. जन्माचा दाखला कपाटात असतो, शाळेच्या दाखल्यावर तारीख असते, कुंडलीही कोठे तरी जपून ठेवलेली असते. परंतु परभणी जिल्ह्यात पूर्णेच्या परिसरात शेतमजुरी करून म्हातारपण गाठलेल्या एखाद्या निरक्षर विधवेस हाच प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा आकड्यात येत नाही. रझाकारांच्या धामधुमीत आपण रांगत होतो, असे काहीसे ते येते. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्ट वर्षे पुरी झाल्यावाचून मिळत नाही. तेव्हा या उत्तराचा अर्थ लावता येणे न येणे यावर तिची भाकर अवलंबून असते. दुर्बलांच्या आयुष्याची पाहणी कशी करावी, या शास्त्राचा इतिहास म्हणजे एका अर्थी हे उत्तर समजून घेण्याचाच इतिहास होय.

पूर्णा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. तेथील पहिली रीतसर खानेसुमारी १८८१ साली झाली. १९३१ पर्यंत हिंदुस्थानात गणतीची पद्धत अशी होती की, आधी घरोघर नोंद करून ठेवावी आणि ठरलेल्या एकाच रात्री तिचा सर्वत्र पडताळा घ्यावा. त्या रात्री धर्मशाळेतील वाटसरू आणि गाडीतील उतारूही मोजले जात. राज्यकारभारास ही पद्धत सोयीची होती. परंतु एका रात्रीची गणती म्हणजे वाहत्या नदीतून भरून घेतलेली एक घागर. तीवरून पाणी किती गढूळ आहे ते कळते; गाळ कोठून आला ते कळत नाही. वयाचे आकडे तर विशेषच फसवे. चाळीस, पन्नास, साठ या वयांच्या रकान्यांत गर्दी आणि एकोणचाळीस, एक्केचाळीस हे रकाने ओस, असा प्रकार आपल्याकडील प्रत्येक शिरगणतीत आढळला आहे. लोक खोटे बोलत नव्हते. त्यांची कालगणना निराळी होती, इतकेच.

पुढे लक्ष माणसाच्या संख्येवरून त्याच्या स्थितीकडे वळले. हैदराबाद संस्थानात केशव अय्यंगार यांनी १९२९-३० साली खेड्यांची आर्थिक तपासणी केली. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तिने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. घरातील मिळकत, खर्च व कर्ज यांचा हिशेब आता कागदावर येऊ लागला. तथापि या पाहण्यांचे मोजमाप कुटुंबाचे होते. आणि भावाच्या आश्रयाने राहणारी परित्यक्ता किंवा सुनेच्या हाताकडे पाहणारी सासू कुटुंबाच्या बेरजेत सहज दिसेनाशी होते.

तिसरी पायरी त्याच घरी पुनःपुन्हा जाण्याची. पूर्णेहून हिंगोली, वाशीममार्गे लोहमार्ग अकोल्यास जातो. त्या अकोला जिल्ह्यातील कानझरा आणि किनखेडा ही गावे १९७५ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने अभ्यासासाठी निवडली. निवडलेल्या प्रत्येक गावातील चाळीस घरे घेतली. त्यांत दहा भूमिहीन मजुरांची आणि उरलेली लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. पाहणी करणारा गावातच मुक्काम करी आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाई. एखादे घर वाईट वर्षी कसे बुडते आणि कोणते पुन्हा वर येते, हे अशाच रीतीने कळते. परंतु या रीतीसही एक छिद्र आहे. जो सर्वांत दुर्बल, तोच आधी गाव सोडतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेले बिऱ्हाड किंवा लग्न होऊन परगावी गेलेली मुलगी यादीतून गळते, आणि उरलेल्यांवरून काढलेले अनुमान वास्तवाहून सुखकर निघते.

मग गेलेली वर्षे परत कशी मिळवावी? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ साली जीवनपटाची पद्धत मांडली. कागदावर आडवी वर्षे लिहावयाची; खाली वास्तव्य, विवाह, मुले, काम यांच्या ओळी आखावयाच्या. जे पक्के आठवते ते आधी भरावयाचे आणि बाकीचे त्याच्या आधाराने शोधावयाचे. नेपाळातील चितवन खोऱ्यात ही पद्धत वापरताना स्थानिक घटनांची जोड देण्यात आली. कारण तेथेही सनावळी पाठ असणारे थोडे होते.

पूर्णेत असा पट मांडावयाचा, तर त्याचे खिळे तेथीलच हवेत. निजामी राजवटीतील कागद फसली सनाचे. त्यांत सुमारे ५९० मिळवावे, तेव्हा इसवी सन येतो. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाई, १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आणि सुकडी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, हे ते खिळे. थोरले मूल भूकंपाच्या आधी चालू लागले की नंतर, हे आईस हटकून सांगता येते. मात्र येथे विवेक हवा. १९४८ हे वर्ष मराठवाड्यास मुक्तीचे. तरी रझाकारांच्या अत्याचारांत आणि त्यानंतरच्या सूडात अनेक घरांतील माणसे गेली. ज्या खुणेने एकाची स्मृती जागते, तिनेच दुसऱ्याची जखम उघडते. अशा घरी दुसरी खूण शोधणे, हा पद्धतीचाच भाग आहे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील माणसांची व त्यांच्या जोडीदारांची देशव्यापी पाहणी केली. बहात्तर हजारांवर व्यक्तींना प्रश्न विचारले गेले, आणि त्यांच्याकडेच काही वर्षांच्या अंतराने पुन्हा जावे, अशी तिची योजना आहे. तीत बालपणाचीही विचारणा आहे. कारण वार्धक्यातील दुबळेपणाची मुळे पुष्कळदा बालपणातील उपासमारीत असतात.

यंत्रे आली, संगणक आले, तथापि मूळ कसब बदललेले नाही. उत्तर रकान्यात बसत नसेल, तर उत्तर देणाऱ्यास दोष न देता रकाना बदलावा लागतो. ज्यांच्यापाशी कागद नाही, त्यांची आठवण हाच त्यांचा दस्तऐवज. तो धीराने वाचता आला, तरच म्हातारीचे पासष्टावे वर्ष सरकारदरबारी उगवते.