सकल संतांची पूर्वसंध्या

ऑक्टोबर महिना सरत आला की परभणी जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीनची रास झालेली असते, कापसाची वेचणी सुरू असते आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीची लगबग चाललेली असते. याच दिवसांत गेली काही वर्षे आमच्या दारी एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक माता शाळेची चिठ्ठी घेऊन आली. ३१ ऑक्टोबरला मुलांनी भूत, चेटकीण किंवा सांगाडा यांपैकी एक सोंग घेऊन यावे, असे त्या चिठ्ठीत लिहिले होते. "हा तर तुमचाच सण, तुम्ही पुढे असायला हवे," असेही तिला शाळेत सांगण्यात आले होते. ती म्हणाली, "फादर, नाही पाठवलं तर पोरगं एकटं पडतं, आणि पाठवलं तर सासूबाई जेवत नाहीत. काय करू?"

आम्ही घाईने उत्तर दिले, "पाठवू नका. तो आपला सण नव्हे." तो मुलगा त्या दिवशी घरी बसला. येत्या रविवारी मिस्सानंतर त्याने आम्हांला विचारले, "फादर, मग त्या दिवशी आपला सण कोणता असतो?" या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. नको काय ते सांगून आम्ही मोकळे झालो होतो. हवे काय ते सांगितलेच नव्हते. तेव्हापासून या विषयाचा मागोवा घेण्याचा आम्ही जो प्रयत्न केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाचा विचार करू. 'हॅलोविन' या शब्दात भूतही नाही आणि सैतानही नाही. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजीत पवित्र जन. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत पित्याचे नाव पवित्र मानले जावे असे आपण म्हणतो, तेथे इंग्रजीत हाच शब्द येतो. 'ईन' म्हणजे संध्याकाळ. तेव्हा हॅलोविन म्हणजे सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. यहुदी परंपरेप्रमाणे दिवसाचा आरंभ सूर्यास्ताने होतो. हीच रीत ख्रिस्तसभेच्या उपासनेत आली, आणि म्हणून मोठ्या सणांची सुरुवात आदल्या सायंकाळी होते. १ नोव्हेंबरच्या सणाची पूर्वसंध्या हा पूर्वी उपवासाचा दिवस होता. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी उपासनेच्या दिनदर्शिकेतील कित्येक पूर्वसंध्या कमी केल्या, त्यांत हीही गेली. चर्चच्या पंचांगातून विधी गेला आणि बाजारात नाव तेवढे राहिले.

आता सणाचा इतिहास पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात स्मिर्ना येथील बिशप पॉलिकार्प यांना जिवंत जाळण्यात आले. तेथील भाविकांनी त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्यांच्या हौतात्म्याचा दिवस 'जन्मदिवस' म्हणून पाळण्याचे ठरविले. मरणाचा दिवस तो जन्माचा दिवस, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ धारणा होय. पुढे हुतात्मे इतके झाले की प्रत्येकाला वर्षातला एकेक दिवस देणे अशक्य झाले. म्हणून पूर्वेकडील ख्रिस्तसभेत चौथ्या शतकातच सर्व हुतात्म्यांचा एकत्र दिवस पाळला जाऊ लागला. रोममध्ये पोप चौथे बोनिफेस यांनी सातव्या शतकाच्या आरंभी, १३ मे रोजी, पँथिऑन हे प्राचीन देवालय पवित्र मरिया आणि सर्व हुतात्मे यांच्या नावे अर्पण केले. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी संत पेत्राच्या मंदिरात सकल संतांसाठी प्रार्थनास्थान उभारले. ८३५ साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात १ नोव्हेंबर हा दिवस फ्रँक साम्राज्यात सर्वत्र रूढ झाला. क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस, या सणाला जोडूनच, २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांच्या प्रार्थनेसाठी आपल्या मठांना लावून दिला. ती प्रथा पुढे साऱ्या पश्चिम ख्रिस्तसभेने स्वीकारली. पहिल्या महायुद्धात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असता, १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. ती आजही आहे.

'हा सण मुळात आयर्लंडमधील प्राचीन लोकांचा साउइन नावाचा भुताखेतांचा उत्सव. चर्चने त्यावर आपले नाव चिकटवले,' असे हल्ली सर्रास सांगितले जाते. साउइन हा उन्हाळा संपून हिवाळा लागतानाचा उत्सव होता, हे खरे. परंतु सकल संतांचा सण त्यातून निघाला हे सिद्ध होत नाही. जुन्या आयरिश संतनामावलीत असा सण एप्रिल महिन्यात नोंदलेला आढळतो. १ नोव्हेंबरचा प्रसार प्रामुख्याने इंग्लंड आणि जर्मन मुलुखाकडून झालेला दिसतो. ज्या आयर्लंडचा उत्सव झाकायचा, तेथेच तो सण त्या दिवशी नसावा, हे तर्काला धरून नाही. दोन्ही गोष्टी एका तारखेवर आल्या आणि लोकांच्या चालीरीती एकमेकींत मिसळल्या, एवढेच म्हणता येते.

दारोदार हिंडण्याची चाल मात्र फार बोलकी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब व मुले घरोघर जात. घरधनीण त्यांना लहान गोड पाव देई आणि ते त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. आपल्याकडे दिवाळीत गुराख्यांची पोरे लव्हाळ्याची दिवटी पेटवून गोठ्यागोठ्यांतून गाई-म्हशी ओवाळीत फिरत आणि दारची बाई दिवटीत तेल घाली, हातावर काही ठेवी. तीच ही जात. ज्याच्यापाशी आहे त्याने द्यावे, ज्याच्यापाशी नाही त्याने आशीर्वाद द्यावा. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट सुधारणेनंतर मृतांसाठी प्रार्थना करणे बंद पडले. प्रार्थना गेली आणि हातातला पाव तेवढा उरला. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेला गेले. त्यांनी सलगम कोरून दिवा करण्याची आपली रीत तिकडे नेली. सलगमाच्या जागी भोपळा आला. विसाव्या शतकात मिठाईचे कारखानदार आणि चित्रपटवाले यांनी त्या रात्रीचा ताबा घेतला. आपल्या देशात १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या घरोघर आल्या, आणि हा सण मुंबई-पुण्याच्या दुकानांतून व इंग्रजी शाळांतून निघून आमच्या परभणीपर्यंत पोहोचला. तो पाद्र्यांनी आणला नाही, हे आमच्या शेजाऱ्यांना सांगितले पाहिजे.

मग आमच्या वडीलधाऱ्यांना तो नकोसा का वाटतो? त्यांना हौसमौज कळत नाही म्हणून नव्हे. मराठवाड्यातील आमची ख्रिस्तमंडळी निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी घोगरगाव परिसरात आले तेव्हापासून आकाराला आली. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना तर अलीकडची, १९७७ सालची. आमचे बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. पटकी आली, ढोर मेले, पाऊस लांबला, तरी दोष त्यांच्याच वस्तीवर यायचा. भानामती, करणी, चेटूक हे शब्द त्यांनी कथेत ऐकलेले नव्हते. ते त्यांच्या अंगावर आलेले होते. एखाद्या विधवेला चेटकीण ठरवून मारहाण करणे, तिला गावाबाहेर काढणे ही मराठवाड्याला परकी गोष्ट नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी याविरुद्ध आयुष्यभर काम केले; २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. ज्या आजीने बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा आणि त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग केला, तिच्या लेखी तो त्याग म्हणजे त्या भयातून सुटका होती. तिच्याच नातवाला काळी टोपी आणि झाडू देऊन आपण म्हणतो, "चेटकीण हो, गंमत आहे." तिला ती गंमत वाटत नाही. तिचे न जेवणे हा अडाणीपणा नसून स्मृती आहे.

आणखी एक गोष्ट लिहिताना आमची लेखणी अडखळते. या सणाच्या सजावटीत दोरीला लटकणारे पुतळे विकायला येतात. ज्या मराठवाड्यात नापिकी आणि कर्ज यांनी इतक्या शेतकऱ्यांचे बळी घेतले, तेथे असा पुतळा कोणाच्या दाराशी टांगावा? आमच्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. त्या घरांतील लेकरे त्याच शाळेत जातात. त्यांच्या माता आम्हांला हळू आवाजात विचारतात की त्यांच्या धन्यासाठी मिस्सा चालेल का? चालेल, असे आम्ही निःसंदिग्ध सांगतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. २ नोव्हेंबर हा दिवस त्यांचाही आहे.

तरीही नुसता नकार पुरत नाही, हे ख्रिस्तसभेला फार पूर्वी उमगले आहे. ६०१ साली पोप थोर ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस यांना पत्र पाठविले. लोकांची देवस्थाने पाडू नका, त्यांच्या मेजवान्या हुतात्म्यांच्या स्मरणदिनी होऊ द्या, असा त्याचा आशय होता. आपल्या मराठी भूमीतील उदाहरण याहून गोड आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली प्रथम छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण त्यांना म्हणतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्याजागी वाचायला आम्हांला काही द्या. फादरांनी त्याला दटावले नाही. ओवीबद्ध ग्रंथ दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही भजन-कीर्तन सोडा असे न म्हणता ख्रिस्ती अभंग आणि कीर्तन दिले. चीनमध्ये पूर्वजांना आदर दाखविण्याच्या चालींवर अठराव्या शतकात घातलेली बंदी १९३९ साली रोमने शिथिल केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली भारतीय उपासनेत आरती, फुले, समई यांना मान्यता मिळाली. काढून घेतले तेथे काही दिले, तेव्हाच श्रद्धा रुजली. नुसते काढून घेतले तेथे पोकळी राहिली आणि बाजाराने ती भरली.

आजही ठिकठिकाणी हेच चालले आहे. पॅरिसच्या धर्मप्रांतात २००२ साली 'हॉलीविन्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात मुले संतांची वेषभूषा करतात. पोलंडमध्ये या दिवसांत सारी कुटुंबे दफनभूमीत जमतात आणि रात्री थडग्याथडग्यावर दिवे तेवत असतात. ३१ ऑक्टोबर हा आमच्या प्रोटेस्टंट बांधवांचा सुधारणादिन. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी आपली विधाने मांडली तो हा दिवस. त्याच तारखेला १९९९ साली औग्सबुर्ग येथे कॅथलिक व लूथरन सभांनी नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धांताविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ज्या सायंकाळी भोपळे पेटतात, त्याच सायंकाळी दोन्ही मंडळ्यांची मुले एकत्र गाऊ शकतील.

परभणीत तर हे सांगणे सोपे आहे. संत म्हणजे काय हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. परभणी शहरात तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर उरूस भरतो आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जातात. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ विवाह; वलीचा मृत्युदिन हा त्याच्या परमेश्वराशी मीलनाचा दिवस मानला जातो. वारकऱ्यांत संतांची पुण्यतिथी सोहळा म्हणून साजरी होते. स्मिर्नाच्या भाविकांनी मृत्युदिनाला जन्मदिन म्हटले. श्रद्धा वेगवेगळ्या असल्या, तरी देवाच्या माणसाचे मरण भयाने पाहायचे नसते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून शेजाऱ्याने विचारले तर "हा आमचा भुतांचा सण नाही, संतांचा आहे," एवढे सांगितले की पुरे. त्याला ते लगेच कळते.

त्या मुलाच्या प्रश्नानंतरच्या वर्षी आम्ही काही मोठे केले नाही. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी मुलांनी आपापल्या आवडीच्या संताचा वेष करून मंदिराच्या आवारात यावे, त्या संताविषयी चार वाक्ये बोलावीत, मग पणत्या घेऊन मिरवणूक काढावी, एवढेच ठरविले. मुलींत कोणी संत अल्फोन्सा झाली, कोणी मदर तेरेसा. हातात आलेला खाऊ अर्धा आपल्याला आणि अर्धा वस्तीतल्या गरजू घरांना, असा नियम केला. जुन्या इंग्लंडमधला तो पाव आम्ही अशा रीतीने परत मिळविला. दुसऱ्या दिवशी थोरांनी दफनभूमीतले गवत काढले. २ नोव्हेंबरला झेंडूची फुले आणि मेणबत्त्या घेऊन सारे जमले व मृतांची नावे एकेक करून वाचली गेली. ज्यांच्या थडग्यावर दगडसुद्धा नाही त्यांचीही वाचली, आणि ज्यांची नावे घरात दबक्या आवाजात घेतली जातात त्यांचीही.

तो मुलगा संत गोन्सालो गार्सिया झाला होता. वसईत जन्मलेले, १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झालेले आणि १८६२ साली संतपदाला पोहोचलेले हे आपल्या महाराष्ट्राचे संत. त्याचा तपकिरी झगा त्याच्या आजीने जुन्या लुगड्यातून शिवला होता. शाळेतही तो तोच झगा घालून गेला, आणि वर्गात विचारले गेले तेव्हा भुतांच्या रांगेत उभा राहून त्याने आपली चार वाक्ये न अडखळता म्हटली. त्या रात्री आजी जेवली की नाही हे आम्ही विचारले नाही. मिरवणुकीत पणती धरून सगळ्यांत पुढे तीच चालत होती.