यंत्र-अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी : मुदत आणि प्रबंध

जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये वसलेल्या नशिराबादास यंत्र अपरिचित नव्हते. एका अंगास कापसाचे जिन व प्रेस, दुसऱ्या अंगास लोहमार्गाची एंजिने. तथापि यंत्र चालविणे निराळे आणि त्याच्या शास्त्राचा स्वतंत्र शोध घेणे निराळे. पदव्युत्तर पदवीच्या अटींचा इतिहास हा या भेदाचाच इतिहास होय.

ठाकर समितीने १९६१ साली अभियांत्रिकीच्या पदवीनंतर २ वर्षांचा अभ्यासक्रम सुचविला. १९८० साली नायुदम्मा समितीस ३ सत्रे पुरेशी वाटली. १९९९ साली रामा राव समितीने पुन्हा ४ सत्रांचा पुरस्कार केला. मुदत अशी मागेपुढे सरकली, पण प्रबंधाची अट टिकून राहिली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात ६८ श्रेयांकांपैकी २६ श्रेयांक एकट्या प्रबंधाचे आहेत.

नशिराबादच्या विद्यार्थ्यापुरते पाहता, १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले, तेव्हा खानदेश त्याच्या कक्षेत आला. १९८३ साली बांभोरीस अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९० साली जळगावास विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ घराजवळ आले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अंतर घटले म्हणून कसोटी सौम्य झाली नाही. व्याख्याने ऐकून श्रेयांक जमविता येतात. प्रबंधात मात्र प्रश्न स्वतः शोधावा लागतो, मापने स्वतः घ्यावी लागतात आणि निष्कर्षाचे समर्थन परीक्षकांसमोर स्वतःच करावे लागते. ही अट नाममात्र उरली, तर पदवीही नाममात्रच उरेल.